दाढेतून येणारा आवाज

आठवडेकर हे काही त्यांचं खरं आडनाव नव्हतं. कुणीही बंद पडलेलं घड्याळ घेऊन दुकानात आलं की ते भिंग डोळ्याला लावत, झाकण उघडून आत डोकावत आणि म्हणत, ‘‘आठवड्यानं या.’’ मग आत नुसती धूळ असो की स्प्रिंग तुटलेली असो. गल्लीनं त्यावरून त्यांना हे नाव चिकटवलं आणि ते इतकं घट्ट बसलं की पाकिटावरचं खरं नाव वाचून पोस्टमनच गोंधळात पडायचा. आठवडेकरांची बाजू अशी होती की घड्याळाकडे एकदा बघून काही कळत नाही. या घटकेला ते बरोबर वेळ दाखवत असेल, तर त्याचा अर्थ एवढाच की या घटकेला ते बरोबर वेळ दाखवतंय. त्याला चावी देऊन उताणं ठेवायचं, पालथं ठेवायचं, कुशीवर ठेवायचं, सकाळी बघायचं, संध्याकाळी बघायचं, तेव्हा कुठे आठव्या दिवशी त्याचा स्वभाव कळतो. लोकांना हे पटायचं नाही, पण घड्याळं मात्र त्यांच्याकडेच यायची.

या आठवडेकरांना ऐकू येत नसे. पंचेचाळिशीच्या सुमाराला कानातली इवलीशी हाडं आखडत गेली आणि बघता बघता दुकानाच्या भिंती गप्प झाल्या. लंबक हलताना दिसत, आवाज एकाचाही नाही. कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं की आतलं यंत्र ठणठणीत आहे, आत जायची वाटच तेवढी बुजली आहे. ऑपरेशनचं नाव काढलं की आठवडेकर विषय बदलत. मग डॉक्टरांनी कानामागे लावायचं मशीन दिलं. त्यातून सगळी माणसं पत्र्याच्या डब्यात बसून बोलल्यासारखी ऐकू यायची. महिनाभर त्यांनी ते सोसलं आणि तुटक्या पट्ट्यांच्या ड्रॉवरमध्ये टाकून दिलं. ओठ वाचायला मात्र ते झटकन शिकले. गिऱ्हाईक काय बोलणार हे तसंही ठरलेलंच असतं.

अशी पाच वर्षं गेली. एका दुपारी ते भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाचं काम करत होते. दोन्ही हात गुंतलेले, म्हणून दुसऱ्या एका मोडक्या लंबकाची पितळी सळई त्यांनी दातांत धरली होती. वाकताना सळईचं दुसरं टोक घड्याळाच्या लाकडाला टेकलं आणि त्यांच्या डोक्यात ठोके पडू लागले. कानात नाही, डोक्यात. टिक, टिक, टिक, अगदी ओळखीच्या माणसानं दार वाजवावं तसं. आठवडेकर हातातला स्क्रू सोडून जमिनीवर बसले. सळई दातांतून काढली की सगळं शांत, धरली की घड्याळ चालू. कितीतरी वेळ ते काढत राहिले आणि धरत राहिले.

मग त्या सळईची त्यांनी कांडी केली. वीतभर लांब, एका टोकाला धातू दातांना लागू नये म्हणून बसवलेलं गुळगुळीत लाकूड, दुसरं टोक घासून चपटं केलेलं. एवढंच की ती धरायला त्यांच्या तोंडात एकच जागा उरली होती. पुढचे दात कवळीचे, उजव्या दाढा कधीच्याच गेलेल्या. डावीकडे खाली एक भक्कम दाढ होती आणि वर तिच्यासमोर कवळीच. कवळीत कांडी धरली तर नुसती गुरगुर यायची, कपाळाला टेकवली तर धूसर काहीतरी. त्या एका दाढेवर सगळा कारभार चालला होता.

कारभार म्हणजे नुसती घड्याळं नव्हेत. खरा कारभार दुपारी दोन ते तीन चालायचा.

आठवडेकरांची बायको टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. घरात, गल्लीत सगळे तिला बाईच म्हणत. दोघांची ओळखही टेलिफोनवरच झाली. त्या काळी एक्स्चेंजला फोन लावून बरोबर वेळ विचारता यायची, आणि तरुण आठवडेकर दुकान उघडताना रोज सकाळी वेळ विचारत. पलीकडून एक आवाज तास, मिनिटं, सेकंद सांगायचा. आवाज बारीक नव्हता, गोड तर मुळीच नव्हता. कोमट पाण्यासारखा होता. पुढे पुढे ते दिवसातून चारदा वेळ विचारायला लागले. अखेर आवाजच म्हणाला की अहो, तुमची घड्याळं इतकी वाईट आहेत का? वर्षभरानं लग्न झालं. म्हणजे आठवडेकर आधी आवाजाच्या प्रेमात पडले आणि माणूस नंतर बघितलं, हे बाई सगळ्यांना सांगायच्या आणि तेही नाकारायचे नाहीत.

कांडीचा शोध लागला त्याच दिवशी त्यांनी बाईंना समोर स्टुलावर बसवलं, कांडी दाढेत धरली आणि चपटं टोक त्यांच्या गळ्याखालच्या हाडावर टेकवलं. ‘‘काय हे खुळ्यासारखं,’’ बाई म्हणाल्या. ते तीन शब्द पाच वर्षांनंतर जसेच्या तसे, ऊब आणि खरखर यांच्यासकट, आठवडेकरांच्या जबड्यातून चढून कपाळापर्यंत गेले. ते रडले. उगाच डोळे पुसत वगैरे नाही, चांगले हमसून रडले.

तेव्हापासून रोज दोन वाजता दुकानाचं शटर खाली यायचं. मागच्या खिडकीतून येणाऱ्या अर्धवट उजेडात दोघं समोरासमोर बसायची आणि बाई बोलायच्या. भाजी कुणी कशी दिली, समोरच्या इमारतीत कोण राहायला आलं, एक्स्चेंजमध्ये असताना कुणी कुणाला काय सांगितलं होतं. आठवडेकर डोळे मिटून घ्यायचे. आवाज बाहेरून येतोय असं वाटायचंच नाही. आपल्याच डोक्याच्या आत एक खोली आहे, खिडकीत ऊन आहे आणि तिथे बसून बायको शिवण शिवता शिवता बोलते आहे, असं वाटायचं. शब्द तर ओठांवरूनही कळले असते. पण ओठांना ऊब नसते, हे ज्याचे कान गेले आहेत त्यालाच ठाऊक. तीन वाजता शटर वर जायचं आणि आठवडेकर पुन्हा जगाच्या तळाशी जाऊन बसायचे.

आता सांगायची गोष्ट ती यंदाची. हिवाळा सरता सरता तो आवाज लांब जायला लागला.

आधी वाटलं, बाई हळू बोलताहेत. आठवडेकरांनी खूण केली, मोठ्यानं बोल. मग डोक्यातल्या त्या खोलीतली खिडकीच कुणीतरी लोटून घेतल्यासारखी झाली. महिन्याभरात बाई शेजारच्या खोलीत गेल्या, आणखी महिन्याभरात भिंतीपलीकडे. शब्द यायचे, पण त्यांच्या कडा पुसलेल्या. आठवडेकरांना कुठे दुखत नव्हतं, खुपत नव्हतं. त्यामुळे त्यांच्या मनात एकच गोष्ट आली, आणि एकदा आल्यावर ती तिथेच मुक्काम ठोकून बसली. बायको विझत चालली आहे.

मग या भीतीला पुरावेच पुरावे मिळत गेले. बाई जिन्यात मधेच थांबल्या. बाईंनी अर्धा पाव टाकला. बाई खिडकीत उगाच उभ्या होत्या. आठवडेकर त्यांच्याकडे चोरून बघत राहायचे. झोपेत त्यांना एकच स्वप्न पडू लागलं. एक खोल विहीर, तळाशी घर, घरात दिवा, आणि दिव्यापाशी बसून कुणीतरी वेळ सांगतंय, तास, मिनिटं, पण सेकंद काही वरपर्यंत पोचत नाहीत. याच काळात दुकानातली घड्याळंही त्यांना मंद ऐकू येत होती. ती ते निमूटपणे उघडायचे, धुवायचे, तेल द्यायचे, आणि यंदाचं तेलच वाईट निघालं म्हणून तेल विकणाऱ्याला बोल लावायचे. बायकोचा आवाज मंद आणि घड्याळंही मंद, मग मधलं काहीतरी बिघडलंय, हे शेंबड्या पोरालाही सुचलं असतं. पण भ्यालेला माणूस एकाच दिशेला बघतो. आयुष्यभर यंत्रातला दोष शोधलेल्या या गृहस्थानं दोष सगळीकडे शोधला, फक्त स्वतःच्या तोंडात सोडून.

शेवटी त्यांनी सगळी तपासणी करून घेऊ म्हणत बाईंना घरच्या डॉक्टरांकडे नेलं. घसा बघितला, छाती बघितली, रक्त काढलं. चार दिवसांनी डॉक्टरांनी कागद पुढे सरकवले आणि सांगितलं की या बाई माझ्यापेक्षा धडधाकट आहेत. बाईंना आधीच संशय होता. परतताना बागेतल्या बाकावर त्यांनी नवऱ्याला बसवलं आणि काय ते खरं सांगायला लावलं. आठवडेकरांनी सांगितलं. सांगताना त्यांचा स्वतःचा आवाज फुटला असणार, कारण शेजारच्या बाकावरच्या माणसानं वळून बघितलं.

बाई आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या, आणि त्यांचा चेहरा एक्स्चेंजमध्ये बोर्डासमोर बसायच्या तसा झाला. नवऱ्याला ओठ नीट दिसावेत म्हणून त्या समोर वळून बसल्या.

‘‘लाइनवर आवाज बारीक येतो तेव्हा आम्ही तीन जागा बघायचो,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बोलणारा, तार आणि ऐकणारा. बोलणारी ठणठणीत आहे, कागद आहेत माझ्याकडे. तार म्हणजे तुमची कांडी, ती काही झिजलेली नाही. राहिलं कोण?’’

घरी गेल्या गेल्या त्यांनी नवऱ्याला खिडकीशी उभं करून आ करायला लावलं आणि चमच्याच्या दांड्यानं दाढ दाबली. दाढ हलली. फार नाही, पण इतक्या वर्षांची भक्कम दाढ ओल्या जमिनीतल्या खुंटीसारखी जरा इकडे, जरा तिकडे झाली. खाली हिरडीवर एक छोटासा फोडही होता. दुखतंय का, बाईंनी विचारलं. आठवडेकरांनी मान हलवली. काहीच वाटत नव्हतं, आणि त्याचंच त्यांना भय वाटलं.

दातांची डॉक्टरीण तरुण होती. हे ओठ वाचतात असं कळल्यावर तिनं तोंडावरचा मास्क खाली घेतला आणि सगळं बोलणं समोर बसून केलं. एक्स-रे उजेडासमोर धरून तिनं दाखवलं. दाढेची दोन मुळं पांढरी दिसत होती, आणि त्यांच्या टोकाशी वाटाण्याएवढा काळा डाग. तिथे हाड असायला हवं होतं, ती म्हणाली. दाढ आतून केव्हाच मेली आहे, मुळाच्या टोकाशी जंतूंनी घर केलंय, आणि त्याभोवतीचं हाड सुजेनं विरघळलंय. दाढ आता हाडात नाही, मऊ गादीवर उभी आहे. गादीतून आवाज कसा जाणार?

मग तिनं शुगर विचारली. आठवडेकर या प्रश्नाची वाटच बघत होते. शुगर आहे, पण एकदम ताब्यात आहे, असं म्हणून त्यांनी खिशातून पाकीट काढलं. तीन वर्षांचे उपाशीपोटीचे रिपोर्ट, तारखेनुसार लावलेले, सगळे आकडे कसे शहाण्या मुलासारखे रांगेत. डॉक्टरणीनं ते शेवटपर्यंत बघितले, मग पुन्हा एक्स-रेकडे बघितलं. दुखलं नाही म्हणता, डाग एवढा मोठा, काहीतरी जुळत नाही, असं ती म्हणाली आणि तिनं वेगळी तपासणी लिहून दिली. त्या दिवसाची शुगर सांगणारी नाही, गेल्या तीन महिन्यांची सरासरी सांगणारी.

सरासरी आली ती असायला हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट.

दवाखान्याच्या त्या छोट्या खोलीत आठवडेकरांना तोंड लपवायला जागा उरली नाही. मग सगळं बाहेर आलं. तपासणीची तारीख जवळ आली की दोन दिवस आधीपासून ते उकडलेल्या भाज्या आणि काकडीवर राहायचे, सकाळ-संध्याकाळ चालायचे, गोळ्या न चुकता घ्यायचे. तिसऱ्या दिवशी सकाळी रक्त देऊन प्रयोगशाळेतून निघाले की थेट बेकरी. वर साखर पेरलेला मऊ पाव, आणि तो बुडवायला गोड मिट्ट चहा. उरलेले दिवस गोळ्या आठवल्या तर घ्यायच्या. आकडा चांगला आला की बाई खूश, डॉक्टर खूश आणि आठवडेकर तर सगळ्यांत खूश. आपण कुणाला फसवतोय असं त्यांना खरंच कधी वाटलं नव्हतं.

बाई ऐकत होत्या. त्यांना राग कमी यायचा, पण आला की त्या हळू बोलायच्या. आठवडेकरांना ते ओठांवरूनही कळलं.

‘‘दुसऱ्याचं घड्याळ आठ दिवस ठेवून घेता. आणि स्वतःचं? आत काही न करता नुसते काटे फिरवून आणलेत दर वेळी.’’

धंद्यात ज्या माणसांना आठवडेकर चोर म्हणायचे ती हेच करायची.

डॉक्टरणीनं बिचारीनं रागावायचं टाळलं. तिनं खुर्ची जवळ ओढली.

‘‘काका, सूज म्हणजे शरीराचं जंतूंशी चाललेलं भांडण. शुगर चढलेली असली की भांडणाऱ्या पेशी सुस्त होतात, पण भांडण काही मिटत नाही. रेंगाळत राहतं, आणि ते चालू असेपर्यंत हाड झिजत राहतं. नवीन हाड यायचं तेही येत नाही. शिवाय ही सूज उलट तुमची शुगर वाढवते. दोघं एकमेकांना पोसताहेत.’’

‘‘दाढ राहील का?’’ आठवडेकरांनी विचारलं.

‘‘मुळं आतून साफ करून भरायची, ते मी करीन. हाड भरून आणणं माझ्या हातात नाही.’’

‘‘मग कुणाच्या?’’

तिनं सरासरीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला. सहा महिन्यांनी पुन्हा एक्स-रे काढू, ती म्हणाली. डाग लहान झाला असेल तर दाढ राहिली. नसेल तर काढावी लागेल. आणि तोवर त्या बाजूनं चावायचं नाही, कांडी धरायची नाही. एकदाही नाही.

सहा महिने म्हणजे किती दुपारी होतात याचा हिशेब आठवडेकरांनी खुर्चीतून उठायच्या आत केला होता.

मुळं साफ झाली, भरली, वर टोपी बसली. आणि मग शांततेचे दिवस सुरू झाले. पहिल्या पाच वर्षांची शांतता त्यांनी मुकाट्यानं काढली होती, कारण तेव्हा आवाज परत मिळू शकतो हेच माहीत नव्हतं. ही शांतता वेगळी होती. हिला तळ नव्हता. सकाळी ते चालायला जायचे तेव्हा झाडं हलायची, सायकली जायच्या, कुत्री तोंडं उघडायची आणि मिटायची, आणि सगळं कसं काचेच्या जाड पेटीत घडल्यासारखं. पावलं टाकताना टाच जमिनीवर आपटली की डोक्यात एक बारीक ठोका पडायचा. तेवढाच आवाज त्यांच्या वाट्याला उरला होता, म्हणून ते टाच जरा जोरानं टेकायचे.

शुगर ते आता घड्याळासारखी बघायला लागले. उपाशी, जेवल्यावर, दुपारी, संध्याकाळी. बोटाला टोचायचं आणि आकडा येईल तो दुकानातल्या पाटीवर खडूनं लिहायचा. गोळ्या वेळेवर, रात्री पोटात इंजेक्शन. दुसऱ्या महिन्यात एकदा बेकरीच्या दारातल्या वासानं त्यांचे पाय ओढले आणि ते आत जाऊन एक नाही, दोन पाव खाऊन आले. जेवल्यानंतरचा आकडा बघून त्यांनी खडू उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. पाटी पुसायचं फडकं हातभर अंतरावर होतं. त्यांनी आकडा लिहिला आणि त्याच्याखाली ‘दोन पाव’ असंही लिहिलं. बाईंनी तो वाचला आणि रात्री नेहमीसारखं त्यांच्या ताटात वाढलं.

काम ते भिंगानं आणि बोटाच्या टोकानं करायचे. टोल्यांची घड्याळं परत पाठवायचे. दोन वाजता मात्र शटर खाली यायचंच. दोघं समोरासमोर बसायची. आठवडेकर बाईंच्या ओठांकडे बघायचे आणि बाई सांगायच्या. आधी पुष्कळ सांगायच्या. मग थोडं. एखाद्याची नजर तासभर ओठांवर रोखलेली असली की माणूस आवश्यक तेवढंच बोलतो. पुढे पुढे बाई शिवण घेऊन बसायला लागल्या आणि आठवडेकर त्या उजेडात तरंगत राहायचे. त्यांचं ध्यान सगळं दाढेकडे असायचं. जिभेनं ते तिला हळूच चाचपायचे. खाली अंधारात, मुळाच्या टोकाशी, हाड येतंय का? भिजल्या मातीत काहीतरी पांढरं, केसाएवढं, पुढे सरकतंय का? डोळे मिटले की त्यांना ते दिसायचंसुद्धा. कधी दिसायचं की सरकतंय, कधी दिसायचं की नुसतंच काळं पाणी आहे.

सहा महिन्यांनी डॉक्टरणीनं दोन एक्स-रे शेजारी शेजारी लावले. आठवडेकरांचा जीव टांगणीला लागला होता. जुन्यात वाटाणा होता. नव्यात कडेकडेनं पांढरे धागे आत शिरलेले दिसत होते आणि मधे उरला होता तो मोहरीपेक्षा जरासा मोठा डाग. सरासरीही खाली आली होती, अजून हवी तितकी नाही, पण आली होती. डॉक्टरणीनं दाढ दोन बोटांत धरून बघितली. दाढ हलली नाही.

‘‘येतंय हाड,’’ ती म्हणाली. ‘‘पण कोवळं आहे. रोज दहा मिनिटं कांडी धरा, हलक्या हातानं. अकरावं मिनिट नको.’’

आठवडेकरांनी लग्नातसुद्धा मान इतक्या वेळा हलवली नसेल.

त्याच दिवशी दोन वाजता शटर खाली आलं. कांडी उकळत्या पाण्यातून काढून पुसली. बाई स्टुलावर बसल्या, आठवडेकरांनी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, लाकूड दाढेत धरलं आणि चपटं टोक बाईंच्या गळ्याखालच्या हाडावर टेकवलं.

काही नाही.

मग, हळूहळू, श्वास ऐकू आला. आत जाणारा, बाहेर येणारा. घोट गिळल्याचा आवाज आला, इतका स्वच्छ की ते दचकले. खाली खोल कुठेतरी बाईंचं काळीज चालू होतं. लाइन उत्तम होती. बाईच बोलत नव्हत्या.

‘‘बोल ना,’’ कांडी दातांत धरून आठवडेकर कसंबसं म्हणाले.

‘‘काय बोलू?’’ बाई म्हणाल्या.

तो आवाज त्यांनी ओळखलाच नाही. फाटलेला, कोरडा, मधेच तुटणारा. जुनी भीती एका क्षणात परत आली, आणि या वेळी दाढेवर ढकलायची सोय नव्हती. त्यांचा चेहरा बघून बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

‘‘आजारी नाहीये मी. घाबरू नका,’’ त्या म्हणाल्या आणि खाकरल्या. ‘‘वापर नाही ना. तुम्हाला ऐकू येणार नाही, मग आवाज कशाला काढायचा? सहा महिने नुसते ओठ हलवत होते. भाजीवाल्याशी दोन शब्द, तेवढेच.’’

या सहा महिन्यांतली प्रत्येक दुपार आठवडेकरांनी मोजली होती आणि एकूण एक स्वतःच्या नावावर मांडली होती. शांतता आपल्या एकट्याची आहे असंच ते धरून चालले होते. तीस वर्षं साऱ्या शहराशी बोललेली ही बाई समोर स्टुलावर बसून बिनआवाजाचे ओठ हलवत होती, आणि ते त्याच ओठांकडे बघत मनात आपल्या दाढेचा विचार करत होते. त्यांना फार वाईट वाटलं, आणि दातांत कांडी असल्यामुळे ते सांगताही येईना.

‘‘सगळंच सांग,’’ एवढं ते म्हणाले. ‘‘पहिल्या दिवसापासून.’’

बाईंनी पहिल्या दिवसापासून सुरुवात केली. दवाखान्यातून परत आलो त्या संध्याकाळी मी जिन्यात बसले होते, तुम्हाला माहीत नाही, त्या म्हणाल्या. तुमचा इतका राग आला होता की घरात यावंसं वाटेना. वरच्या मजल्यावरची म्हातारी खाली आली आणि तिला वाटलं माझी किल्ली हरवली. बोलता बोलता आवाजातली करकर कमी होत गेली. तुटलेले तुकडे जुळत गेले आणि त्यांच्यामधून ती कोमट, ओळखीची ऊब पाझरायला लागली. आठवडेकरांच्या डोक्यातल्या त्या खोलीची खिडकी कुणीतरी उघडली. मग त्या म्हातारीनं काय केलं, बाई म्हणाल्या आणि हसल्या, आणि ते हसू त्यांच्या जबड्यापासून टाळूपर्यंत गेलं. आणखी ऐकावं, जन्मभर ऐकावं असं त्यांना वाटलं. त्यांनी डोळे उघडून घड्याळाकडे बघितलं. दहा मिनिटं झाली होती.

गोष्टीतली म्हातारी अजून जिन्यातच होती. एक मिनिट जास्त घेतलं असतं तर कुणाला कळलं असतं? आठवडेकरांनी कांडी दाढेतून काढली आणि मांडीवर ठेवली.

आवाज गेला. बाईंचे ओठ एक-दोन शब्द पुढे गेले आणि थांबले. त्यांनी घड्याळाकडे बघितलं, कांडीकडे बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं. आता त्या उठतील, शिवण घेतील, असं आठवडेकरांना वाटलं. पण बाईंनी स्टूल जरा पुढे सरकवलं आणि गोष्ट जिथे तुटली होती तिथून पुढे सांगायला लागल्या. पुढे सरकल्यामुळे मागच्या खिडकीचा उजेड आता त्यांच्या पाठीशी होता, ओठ धड दिसत नव्हते. पण गळ्याखालचं ते हाड थरथरत होतं. म्हणजे त्या आवाज काढून बोलत होत्या.

आठवडेकर उठले नाहीत. त्यातलं एक अक्षरही त्यांना ऐकू येत नव्हतं. बाईंचं सगळं सांगून होईपर्यंत ते समोर बसून राहिले, आणि त्या दिवशी दुकान चार वाजून गेल्यावर उघडलं.